पिशवी नेली, बंद राहिले

संपादकांनी फोनवरच बजावलं, "अनुभव लिहा हं, पत्रक नको." अडचण अशी आहे की मला पत्रकंच लिहिता येतात. नऊ वर्षं तेच केलंय. त्यामुळे मजकूर मधेच घोषणा द्यायला लागला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं, किंवा सरळ घोषणेला साथ द्यावी.

मी नाशकात बायकांच्या तब्येतीसाठी काम करणाऱ्या एका लहानशा गटात आहे. काम सांगायला अगदी सोपं. बाईबरोबर दवाखान्यात जायचं, केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं. डॉक्टर जे बोलतात ते तिला तिच्या भाषेत सांगायचं, आणि तिला जे विचारायचंय त्याचं उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांच्या टेबलापासून हलायचं नाही. हे शेवटचं मला चांगलं जमतं. उरलेल्या वेळात पत्रकं. वय एकतीस. आठवणी लिहिण्याचं हे वय नव्हे, मान्य. पण जी चूक लिहायची आहे ती विसरायच्या आत लिहिलेली बरी.

गोष्ट आहे गाठीची. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईच्या ओटीपोटात सापडणाऱ्या गाठीची. आणि माझ्या पत्रकातल्या पाचव्या मुद्द्याची.

सुरुवात माझ्या आईपासून झाली. आम्ही सातपूरच्या कॉलनीतले. आई छत्तीस वर्षांची असताना अंगावरून पांढरं जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली आणि तिची पिशवी काढली गेली. पिशवी म्हणजे गर्भाशय, पण आमच्याकडे कुणीही गर्भाशय म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले होते, "दोन पोरं झाली ना? मग आता काय करायचीय ती?" जणू रिकामं खोकं माळ्यावर पडलंय. साध्या गोळ्यांनी बरं होणारं दुखणं होतं, हे मला कॉलेजात असताना कळलं. तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरवायचा माझा विचारही नाही.

त्या रागातून पहिलं पत्रक निघालं. 'पिशवी माझी, निर्णय माझा.' गुलाबी कागदावर, कारण आमचे छपाईवाले सलीमभाई यांच्याकडे लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरला होता. आठ मुद्दे. पाचवा असा: 'पाळी गेली की पिशवी आपोआप आक्रसते. गाठ आहे, लगेच काढून टाकू, असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. घाई करू नका. ऑपरेशनला नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे.'

वाचा पुन्हा. एक तरी वाक्य खोटं आहे? मलाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं.

शिवाय पाचव्या मुद्द्याने मला एक मोठा विजय मिळवून दिला होता. ओझरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. कंबर दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या अंडाशयावर लिंबाएवढी पाण्याची गाठ निघाली. एका खासगी डॉक्टरांनी लगेच सोमवारची तारीख दिली. "या वयात रिस्क नको, सगळं काढून टाकू." बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मृत्युपत्र लिहून आणलं होतं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

मी त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. नाव लिहिलं तर रागावतील. किडकिडीत, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून मग तोच टेबलभर शोधणाऱ्या. मला त्या नावाने हाक मारत नाहीत. 'पत्रकवाली' म्हणतात.

मॅडमनी फिल्म उजेडात धरली. गाठीत एकच कप्पा, भिंत पातळ, आत स्वच्छ पाणी, घट्ट भाग कुठेच नाही. रक्ताची तपासणी ठीक. म्हणाल्या, "काही करायचं नाही. चार महिन्यांनी परत सोनोग्राफी करू."

"काहीच नाही?" शिक्षिका म्हणाल्या. "मग हे मृत्युपत्र?"

"असू द्या. कधीतरी लागेलच."

चार महिन्यांनी गाठ तेवढीच होती. त्याच्या पुढच्या खेपेला लहान झाली. ही हकीकत मी प्रत्येक सभेत सांगायची, टाळ्या मिळायच्या. मॅडमनी 'काही करायचं नाही' म्हणण्याआधी काय काय पाहिलं, ते मात्र मी सांगत नव्हते. सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. सभेत गोष्ट सांगताना तपासणीचा भाग कंटाळवाणा होतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी सुमनबाई आल्या.

नांदगावच्या. वय चौसष्ट. नवरा वारलेला. घरी शिवणयंत्र. शिंप्यांकडून उरलेलं कापड आणून त्याच्या पिशव्या शिवायच्या आणि आठवडे बाजारात विकायच्या. सोबत मुलगा संतोष, तोंड सुकलेला. सुमनबाईंचे हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे. दारातून आत आल्या, खांद्यावरच्या पिशवीतून एक गुलाबी कागद काढला, चार घड्यांचा, घड्यांवर फाटलेला, आणि माझ्या टेबलावर पसरला.

"हे तूच लिव्हलं का?"

"हो मावशी." मला आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं पत्रक!

"मंग आता तूच सांग. तू लिव्हलं, घाई नको. मी घाई केली नाय. पाच महिने झाले. आता परकराची नाडी पुरत नाय मला."

पत्रकाच्या खाली दुसरा कागद होता. पाच महिन्यांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. ओटीपोटात गाठ, मोठ्या दवाखान्यात दाखवावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. गावातल्या डॉक्टरांनीही बजावलं होतं की नाशकाला जा. सुमनबाई घरी आल्या, सुनेला भिंतीवर लावलेलं माझं पत्रक वाचायला सांगितलं आणि रिपोर्ट डब्यात ठेवून दिला.

"सगळं पत्रक वाचून घेतलं होतंत?" मी विचारलं.

"सगळं कशाला? पाचवं वाचलं. माझ्या कामाचं तेवढंच व्हतं."

मी त्यांना त्रास विचारायला घेतला. आधी गॅस वाटला, म्हणाल्या. बायकांच्या पोटात काहीही झालं तरी त्याचं नाव गॅस. आमच्याच घरी बघा, आईचा ओव्याचा डबा कित्येक महिने ओट्यावरून हललेला नाही. तर सुमनबाईंचा गॅस. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. शेजारणी थट्टा करत होत्या, म्हातारपणी दिवस गेले काय गं सुमन? सुमनबाईंनी त्यांना सांगितलं होतं, "गेले आसतील तर नाव तुमच्या नवऱ्याचं लावीन."

हे सगळ्यांनी लिहून ठेवा. गॅस येतो आणि जातो. जो गॅस रोज असतो, आठवड्यांमागून आठवडे टिकतो, ज्याने पोट वाढतं आणि भूक मरते, तो पन्नाशीपुढच्या बाईत गॅस समजायचा नाही. तपासायचा.

संतोष मधेच म्हणाला, "ताई, मी इथल्याच एका हॉस्पिटलात विचारून आलोय. उद्या सकाळी सुई घालून पाणी काढतात, सांजच्याला घरी. काही कापाकापी नाय." आणि मग खालच्या आवाजात, "आमचे वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले."

"आन् मुदलात गाठ कशाची म्हणते मी!" सुमनबाई उसळल्या. "माझी पिशवी अडतिसाव्या वर्षीच काढली. सगळं काढलं म्हणले. रिकाम्या घरात कोण राह्यला आलं?"

मला हा प्रश्न आधीही बायकांनी विचारला होता. मी नेहमीप्रमाणे पेन घेऊन चित्र काढलं. मधे गर्भाशय, दोन बाजूंना नळ्या, टोकाला अंडाशय. सुमनबाईंनी मान वाकडी करून पाहिलं.

"हे काय, बैलाचं तोंड?"

संतोष हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच असावा. मी कागद चुरगळला आणि म्हटलं, "मावशी, तुमची पिशवी द्या बरं."

त्यांनी खांद्यावरची पिशवी रिकामी करून दिली. निळ्या सुटाच्या कापडाची, दोन लांब बंदांची, टीप अशी की फाटेल तर कापड, शिवण नाही. मी ती टेबलावर सपाट पसरली आणि दोन बंद दोन्हीकडे ताणले.

"ही पिशवी. हे दोन बंद म्हणजे दोन नळ्या. आणि बंदाच्या टोकाला..."

"तिथं आम्ही गाठ मारतो. निसटू नाय म्हणून."

"तिथंच. एकेका टोकाला एकेक अंडाशय. पाळी गेल्यावर ते सुकून बदामाएवढे होतात. तुमची पिशवी काढली तेव्हा बहुतेक हे दोन्ही तसेच ठेवले. गाठ तिथली असणार."

सुमनबाईंनी बंद हातात घेतला. टोकापर्यंत चाचपत नेला. नऊ वर्षांत माझं चित्र कुणाला कळलं नव्हतं ते का, हे मला त्यांची बोटं बघताना कळलं.

"म्हंजे पिशवी नेली आन् बंद ठिवले घरात!"

"बहुतेक."

"बहुतेक काय? घर माझं. काय नेलं, काय ठिवलं, मालकिणीला सांगाया नको?"

माझ्या आठ मुद्द्यांत जे नव्हतं ते बाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं. स्पष्ट लिहिते, अंडाशय ठेवले हे योग्यच होतं. धडधाकट अंडाशय त्या वयात उगाच काढू नयेत. पण सांगितलं नाही. कागद दिला असेल तर तो कुठल्या पुरात, कुठल्या रद्दीत गेला कोण जाणे. आणि बाई सव्वीस वर्षं समजत राहिली की आत काही नाही, म्हणजे आत काही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुईवाल्या हॉस्पिटलात न जाता मॅडमच्या ओपीडीत होतो. केसपेपरवर 'पाळी कधी गेली' असा प्रश्न असतो. मी लिहिलं, अडतिसाव्या वर्षी. मॅडमनी चष्मा शोधला, वाचलं, आणि माझं उत्तर खोडलं.

"अडतिसाव्या वर्षी पिशवी गेली, पत्रकवाली. रक्त यायचं थांबलं. अंडाशय पुढे दहा-बारा वर्षं काम करत असतील. खरी पाळी कधी गेली ते या बाईंना कळणारच नाही. आता चौसष्ट आहेत, म्हणजे गेलीच आहे असं धरायचं." मग सुमनबाईंकडे वळून, "बसा. आई, बहीण, मावशी, कुणाला छातीचा, अंडाशयाचा, आतड्याचा कर्करोग?"

तपासणी कशी असते ते या वेळी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. वाचकांनीही पाहावं, म्हणून सांगते. आधी प्रश्न. घरातली दुखणी, वजन, भूक, शौच, अंगावरून काही जातं का. मग मॅडमनी त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितलं, कारण भरलेली लघवीची पिशवीसुद्धा हाताला गाठीसारखी लागते.

"आनखी एक पिशवी?" सुमनबाई म्हणाल्या. "आत दुकानच हाय म्हणा माझं."

मग मान, काखा, जांघा, छाती, पोट. शेवटी आतून तपासणी. मी उशाशी उभी होते, हात धरून. मॅडम एका हाताने आतून आणि एका हाताने वरून गाठ हलवून बघत होत्या. गुळगुळीत आहे की खडबडीत, हलते की चिकटलीय. या वयात अंडाशय सहसा हाताला लागतही नाही. सुमनबाईंची गाठ बेंबीपर्यंत आली होती.

मग सोनोग्राफी, वरून आणि खालून. खालून म्हटल्यावर सुमनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी छताकडे बघायला लागले. "करा," त्या म्हणाल्या. "आता लाजून काय, नाडी तर सुटलीच हाय." खालून केली की जवळून दिसतं, म्हणून करतात. या वेळी फिल्ममध्ये स्वच्छ पाण्याचा एक कप्पा नव्हता. खूप कप्पे होते, जाड पडदे होते आणि एका कडेला घट्ट मांसल भाग होता. गाठ उजव्या बाजूची होती. पोटात मोकळं पाणी नव्हतं, एवढीच चांगली बातमी.

रक्त घेतलं. या रक्ततपासणीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. आकडा वाढला की कर्करोग आणि नाही वाढला की सुटलो, असं काही नसतं. दुसऱ्या साध्या कारणांनीही तो वाढतो, आणि कधीकधी कर्करोग असूनही वाढत नाही. म्हणून मॅडम तीन गोष्टी एकत्र मांडतात. पाळी गेलीय की नाही, सोनोग्राफीत काय दिसलं, आणि रक्ताचा आकडा. तिन्हींचा गुणाकार करतात. ओझरच्या बाईंचा गुणाकार लहान आला होता, म्हणून वाट पाहायची होती. सुमनबाईंचा मोठा आला, म्हणून वाट पाहायची नव्हती. दोघींनाही 'गाठ' हाच शब्द सांगितला गेला होता, आणि माझ्या पत्रकात दोघींसाठी एकच सल्ला होता.

मी मॅडमना पत्रक दाखवलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कागद सुमनबाईंच्याच फाईलमध्ये होता. मॅडमनी पाचवा मुद्दा दोनदा वाचला.

"सगळं खरं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण 'घाई नको' आणि 'ऑपरेशन नको' यांच्यामध्ये तपासणी असते. ती तू गाळलीस. नाही म्हणायचा हक्क दिलास, आणि कशाला नाही म्हणायचं ते कळायची सोय ठेवली नाहीस."

मला डॉक्टरांशी भांडायची सवय आहे. त्या दिवशी भांडायला काही सापडलं नाही.

भांडण संतोषने केलं. बाहेरच्या बाकावर, मॅडम चहाला निघालेल्या असताना. "सुईनं होत असेल तर कापायचं कशाला? त्या हॉस्पिटलातून दोनदा फोन आला. ते म्हणतात आजच करू. तुम्हीच तर लिहिता ताई, डॉक्टर उगाच कापतात म्हणून!"

माझ्याच पत्रकाने मला मारत होता. मी तोंड उघडायच्या आत मॅडम थांबल्या. त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. "तुझ्या वडिलांचं ऐकलं मी. भीती खोटी नाहीये. पण हे ऐक. आत कर्करोग असेल आणि आपण सुई घातली, तर आत्ता एका पिशवीत बंद असलेली गोष्ट पोटभर सांडेल. आणि नसेल, तरी असली गाठ सुईने बरी होत नाही, पुन्हा भरते. सुईने काढलेल्या पाण्यावरून खात्रीही होत नाही. ही अख्खी काढायची, न फोडता, आणि असल्या गाठी नेहमी काढणाऱ्या हाताने. मीही काढणार नाही. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सरांकडे पाठवतेय."

बाकाच्या दुसऱ्या टोकावरून सुमनबाईच बोलल्या.

"संत्या, बाजारात त्या गिऱ्हाइकाची पिठाची पिशवी टोचली व्हती, आठवतं? एवढंसं भोक. आन् पीठ कुठवर गेलं? भजीवाल्याच्या गाड्यापतुर. आठ दिवस फरशीतनं निघत व्हतं." त्यांनी आपल्या पोटावर हात ठेवला. "मला ही अख्खी न्यायचीय. तू सही कर नायतर मी आंगठा देते."

त्यांना सही येते. छान येते. आंगठा त्यांनी नुसता धाक म्हणून काढला होता.

पुढे सीटी स्कॅन झाला. अशी खूप कप्प्यांची गाठ कधी जठरातून किंवा आतड्यातून पसरूनही आलेली असू शकते, म्हणून दुर्बिणीने तेही तपासलं. तिथे काही नव्हतं. सगळं व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी उठून हिशोब करायची, तीन आठवडे अधिक पाच महिने. पाच महिने माझे.

ऑपरेशनच्या आधी सर वॉर्डात आले, तेव्हा सुमनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सरांनी विचारलं, "काही शंका, आजी?"

"शंका नाय. अट हाय. या बारीला काय नेलं आन् काय ठिवलं, ते लिहून द्यायचं. मराठीत."

सर हसले. बाई हसत नाहीत हे बघून थांबले. म्हणाले, "देतो."

गाठ अख्खी निघाली. न फुटता. सोबत दोन्ही अंडाशय, दोन्ही नळ्या, आतल्या चरबीच्या पदराचा आणि आसपासचा तुकडा तुकडा तपासणीला. रिपोर्ट यायला दिवस लागतात. त्या दिवसांत संतोष वॉर्डाबाहेर आणि मी जिन्यावर. एकदा त्याने न विचारता माझ्या हातात चहा दिला. मी तेवढ्यावर दोन दिवस काढले.

रिपोर्ट आला. कर्करोग होता. पण गाठीच्या कवचाच्या आत होता. कवच शाबूत, बाकी सगळे तुकडे स्वच्छ. अगदी पहिल्या पायरीवरचा, मवाळ जातीचा. सरांनी सांगितलं, केमो लागणार नाही, ठरलेल्या तारखांना तपासणीला यायचं.

मी मॅडमना गाठलं. "पाच महिने आधी आली असती तर?"

"तर पाच महिने आधी निघाली असती."

"म्हणजे फरक पडला नाही?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नाही पडला असं दिसतंय. पडू शकला असता. आणि तुला बरं वाटावं म्हणून मी याहून जास्त काही बोलणार नाही."

तेवढंच पुरे होतं. मी त्याच आठवड्यात पाचवा मुद्दा नव्याने लिहिला: 'पाळी गेल्यावर पोटात गाठ निघाली तर घाबरू नका, पण डब्यातही ठेवू नका. आधी पूर्ण तपासणी, मग निर्णय. सुई घालू देऊ नका. पिशवी काढलेली असली तरी बंद राहिलेले असू शकतात. बंद तपासा.' शेवटची दोन वाक्यं सुमनबाईंची. 'बंद' शब्दही त्यांचाच, आणि नावही मी त्यांचं घातलं, त्यांच्या परवानगीने.

सलीमभाईंनी मजकूर वाचला आणि गंभीरपणे कॅलेंडरकडे पाहिलं. "ताई, बंद कधी आहे? मंगळवारी असेल तर मला मालेगावचा माल आधी काढावा लागेल."

त्यांचा दोष नाही. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं मोर्चे आणि बंदच छापून घेतलेत. त्यांना समजवायला मी त्यांच्याच काउंटरवरची पिशवी घेतली आणि पसरली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या आपाची काढली होती. फोन करतो," आणि मशीन सुरूच ठेवून बहिणीशी बोलायला बाहेर गेले.

सुमनबाईंच्या तिसऱ्या तपासणीच्या दिवशी मी नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन ओपीडीत पोचले. रांग दारापर्यंत होती आणि रांगेच्या मध्यावर सभा भरली होती. सुमनबाई बाकावर, मांडीवर निळी पिशवी उलगडलेली, दोन्ही बंद दोन बायकांच्या हातांत ताणून धरलेले. पेठकडच्या एक बाई, एक बुरख्यातल्या चाची, दोन कॉलेजच्या पोरी, सगळ्या वाकून बघत होत्या. "ही नेली, तरी हे राहतंय. आन् टोकाला काय? गाठ! डॉक्टरला इचारायचं, माझे बंद कुठं हायेत? लाजायचं नाय. घर आपलं हाय."

मी मागे उभी राहिले. पत्रकं वाटायला हात पुढे केला, तर कुणी बघेना.

सुमनबाईंना मी दिसले. "आली गं पत्रकवाली." मॅडमचा शब्द त्यांनीही उचलला होता. "ते कागद ठिव खाली. तू सांगितलं व्हतं ना, तुझ्या आईचीबी पिशवी काढली म्हणून? त्याच्यावरनं तर समदं सुरू केलं तू."

"हो."

"मंग तिचे बंद हायेत का गेले?"

रांग माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षं मी आईच्या पिशवीवर सभा गाजवल्या. कुठल्या वर्षी काढली, कुणी काढली, काय बोलून काढली, सगळं पाठ. बंदांचं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तिथूनच फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी.

"आई, तुझी पिशवी काढली तेव्हा बंद ठेवले होते का?"

"कसले बंद?" आई म्हणाली. "अगं तू दवाखान्यात आहेस की दुकानात? आणि ऐक, येताना ओवा घेऊन ये. परवाच आणलेला संपला. हा गॅस काही पाठ सोडत नाही बघ."

मी ओवा आणला नाही. ओपीडीच्या खिडकीवर जाऊन आईच्या नावाचा केसपेपर काढला. 'पाळी कधी गेली' या प्रश्नापुढे पेन थांबलं नाही. लिहिलं: पिशवी काढली, छत्तिसाव्या वर्षी. बंद आहेत की नाही, माहीत नाही. आज बघायचंय.

मग रिक्षा करून सातपूरला गेले, तिला आणायला.